फॅटी लिव्हर : कॅप्सूल कोणती घ्यावी, याच्या आधीचा प्रश्न

प्रश्न विचारणारे हिंजवडीत नोकरी करतात, वय 42. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर' असं आलं आणि झोप उडाली. यकृताची एन्झाइम्स एसजीपीटी 76 आणि एसजीओटी 48, प्लेटलेट्स 2,40,000, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 210, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1. वजन 70 किलो, उंची 168 सेंटिमीटर, कंबर 94. दारू नाही, शाकाहारी, अंडी चालतात. एका मित्राने सांगितलं की यकृताच्या पेशी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ने मरतात, म्हणून ग्लुटाथिओन, मिल्क थिसल, व्हिटॅमिन ई, हळदीचा अर्क आणि गुळवेल सुरू कर. त्यांचा प्रश्न असा : यातलं नेमकं कोणतं घेऊ? आणि जाता जाता, कॉफी बंद करू का?

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं पोटाचे आणि यकृताचे रुग्ण बघतोय. तुमचा मित्र विज्ञानात चुकलेला नाही, हे आधी कबूल करतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खरा आहे, फॅटी लिव्हर बिघडत जाण्यात त्याचा हात आहे, हेही खरं. चूक पुढच्या उडीत आहे. पेशी ऑक्सिडेशनने खराब होतात, मग अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ, गिळलं की काम झालं, असं होत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून मांडतो. एक, तुमच्या यकृतात आत्तापर्यंत व्रण, म्हणजे यकृत कडक करणारे निबर भाग, पडलेत का? दोन, 70 किलोच्या, दारू न पिणाऱ्या माणसाच्या यकृतात एवढी चरबी आली कुठून? कॅप्सूलचा विषय या दोन्हींनंतर.

पहिला भाग लवकर आटपतो. सोनोग्राफीवरचा 'ग्रेड' म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरं दिसलं एवढंच. चरबी किती आहे याचा तो अंदाज आहे. यकृत कडक व्हायला लागलंय का, हे तो सांगत नाही. ग्रेड 3 वाल्याचं यकृत मऊ निघालेलं मी पाहिलंय आणि ग्रेड 1 वाल्याला सिरॉसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी भरून जाण्याची, सुरुवात झालेलीही. कारण शेवटी शेवटी चरबी कमी होत जाते आणि व्रण तेवढे उरतात.

व्रणांचा अंदाज घ्यायला फिब-4 नावाचं साधं गणित आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट्सने (हजारांत) आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाने. तुमचं : 42 गुणिले 48 म्हणजे 2016. 76 चं वर्गमूळ साधारण 8.7, गुणिले 240, म्हणजे 2090 च्या आसपास. उत्तर 0.96. हा आकडा 1.3 च्या खाली असला की पुढच्या टप्प्याचे व्रण असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर गेला की यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधल्यांची फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करायची. पस्तिशीच्या आत हे गणित फारसं भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर 1.3 ऐवजी 2 धरतात. तुम्ही दोन्हींच्या मधे आहात, तेव्हा आज रात्री झोपा. मात्र एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि तुम्ही तिथे उभे आहात. म्हणून हे गणित दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करायचं.

हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी झाली नसेल तर एकदा करून घ्या, थायरॉइडही बघा. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, व्हॅल्प्रोएट, अमिओडॅरोन यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, यांनीही यकृतात चरबी साठते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

आता दुसरा भाग, आणि माझ्या मते खरा विषय.

मार्केट यार्डातला भुसार मालाचा गाळा डोळ्यासमोर आणा. माल येतो, थोडा वेळ थप्पीला लागतो, पुढे रवाना होतो. गाळ्याचा धंदा आवक-जावकेवर चालतो. यकृताचं चरबीच्या बाबतीत तेच. चरबी रोज येते, रोज जाते. आवक जावकेपेक्षा वाढली की थप्प्या बोळात लागतात. शंभरातल्या पाचांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं.

आवक तीन दारांनी होते. पहिलं दार पोटावरच्या आणि अंगावरच्या चरबीचं : इन्सुलिनचा धाक कमी झाला की ती सुटते आणि रक्तातून यकृताकडे येते. दुसरं, यकृत स्वतःच साखर आणि पीठ-मैद्यापासून चरबी बनवतं. तिसरं दार ताटातल्या तेल-तुपाचं. कोणत्या दारातून किती, हे 2005 साली अमेरिकेत नऊ रुग्णांवर मोजलं गेलं. रुग्ण थोडे होते, पण मोजणी नेटकी होती. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के पहिल्या दाराने आली होती, 26 टक्के यकृताने स्वतः केली होती आणि ताटातून थेट आलेली होती जेमतेम 15 टक्के. आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक खुर्चीत बसता बसता काय म्हणतात? "डॉक्टर, तूप बंद केलंय." चहात दोन-दोन चमचे साखर तशीच असते.

जावक दोन वाटांनी. एक, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या चुलीत, चरबी जाळायची. दोन, ती प्रथिनात बांधून रक्तात पाठवायची. तुमचे 210 ट्रायग्लिसराइड्स म्हणजे या दुसऱ्या वाटेवरची गर्दी. बांधणीला कोलीन नावाचा घटक लागतो. तो अंड्याच्या बलकात भरपूर असतो, म्हणून 'फॅटी लिव्हर आहे, बलक काढून खा' हा सल्ला मी देत नाही.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उपटतो तो इथे. चुलीत एकदम जास्त सरपण कोंबलं की जाळ होत नाही, धूर होतो. मायटोकॉन्ड्रियावर चरबी जाळण्याचा बोजा वाढला की त्यातून इलेक्ट्रॉन गळतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि त्यातून आक्रमक रेणू तयार होतात. त्यांच्या तावडीत सापडते आसपासची चरबी. मग काय होतं? दिवाळीचा चिवडा डब्यात महिना-दीड महिना राहिला की त्याचं जे होतं तेच. खवट होतो. मी उपमा म्हणून सांगत नाही, रसायन खरोखर तेच आहे. खवट तेलात जो मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ मोजतात, तोच आजारी यकृतातही मोजतात. चरबी खवट झाली की पेशीची आवरणं फाटतात, यकृतातल्या पहारेकरी कुप्फर पेशी जाग्या होऊन सूज आणतात, आणि एरवी 'अ' जीवनसत्त्व सांभाळत शांत बसलेल्या स्टेलेट पेशी कोलॅजनचे चिवट धागे विणू लागतात. त्या विणकामालाच आपण व्रण म्हणतो.

खवटपणा टाळायचा तर दोन वाटा : तेलात अँटिऑक्सिडंट घालायचं, किंवा तेलाचा साठाच कमी ठेवायचा. तुमचा मित्र पहिली वाट सांगतोय. ती अगदीच खोटी नाही, पण तोकडी आहे.

आता 70 किलोचं कोडं. याचं उत्तर सापडलं त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काटा एकच आकडा दाखवतो आणि आत दोन वेगळी माणसं असतात. आपली शरीरयष्टी साधारण अशी : स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटात. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. कमी वजनाच्या बाळांच्या अंगातही चरबी तुलनेने टिकून होती, घट होती ती स्नायूंत, हे त्यातून पुढे आलं.

म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त आणि 25 ला लठ्ठपणा धरतात. तुमचा 24.8 आहे. कंबर पुरुषांची 90 च्या आत, बायकांची 80 च्या आत हवी, तुमची 94. नातेवाईक म्हणत असतील 'अरे, तू कुठे जाड आहेस?' त्यांचं ऐकू नका, टेपचं ऐका. 2023 साली या आजाराचं जागतिक नावही बदललं. 'दारूमुळे नसलेला' असं आजार काय नाही हे सांगणारं नाव काढून, चयापचयाच्या बिघाडातून आलेला, असं नाव दिलं. मला ते पटलं, आजाराचं मूळ नावातच आलं.

आता तुमच्या यादीकडे.

व्हिटॅमिन ई. लोक चेहऱ्याला लावायला फोडतात ती हिरवी कॅप्सूल. यादीतला एवढाच गडी असा आहे ज्याच्या मागे धड पुरावा आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'पिव्हन्स' चाचणीत 247 रुग्ण होते : बायोप्सीने, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा तपासून, सूज सिद्ध झालेली, मधुमेह नसलेले. रोज 800 युनिट, 96 आठवडे. नुसत्या बनावट गोळीवर 19 टक्के सुधारले, व्हिटॅमिन ईवर 43 टक्के. सूज आणि चरबी उतरली. व्रणांवर मात्र ठळक फरक पडला नाही. दुसरी बाजूही ऐका. पुरुषांवरच्या 'सिलेक्ट' या मोठ्या चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त दिसला, हे 2011 साली जाहीर झालं. म्हणून मी ते निवडक रुग्णांनाच देतो, ठरावीक मुदतीसाठी, घरात प्रोस्टेटचा कर्करोग आहे का हे विचारून. फिब-4 0.96 असताना आणि वजनाला अजून हातच घातला नसताना, तुम्हाला आज मी ते लिहून देणार नाही. बायोप्सीत सूज दिसली असती तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

ग्लुटाथिओन यकृताची पेशी तीन अमिनो आम्लांपासून स्वतः बनवते. तोंडाने घेतलेलं बरचसं आतड्यातच मोडतं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत ग्लुटाथिओन संपतं आणि तेव्हा एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध दिलं की जीव वाचतो, हे शंभर टक्के खरं. त्यावरून रोजच्या फॅटी लिव्हरलाही ते लागू पडेल असं समजणं म्हणजे आग विझवणाऱ्या बंबाने कुंड्यांना पाणी घालणं. मिल्क थिसलने, म्हणजे सिलिमारिनने, फारसं नुकसान होत नाही. एसजीपीटी थोडं उतरतंही, पण व्रण थांबतात असं दाखवता आलेलं नाही. पैसे वर आले असतील तर घ्या, माझी हरकत नाही.

हळदीचा अर्क आणि गुळवेल यांवर मात्र हरकत आहे. फोडणीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये, ती पिढ्यानपिढ्या चालू आहे आणि चालू राहू दे. कॅप्सूलमधलं कर्क्युमिन वेगळं : मात्रा मोठी, आणि रक्तात जास्त शोषलं जावं म्हणून सोबत मिऱ्याचा अर्क. त्यातून यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. गुळवेलीचं कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच पाहिलं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या 43 रुग्णांची नोंद देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 2022 साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांत स्वप्रतिकारामुळे होणाऱ्या हिपॅटायटिससारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाचा यावर वेगळा सूर होता, तो वाद मला इथे उकरायचा नाही. माझ्यापुरतं सांगतो. एक निवृत्त शिक्षिका डोळे पिवळे होऊन आल्या, एसजीपीटी हजाराच्या वर. सगळे विषाणू तपासले, काही सापडेना. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आई रोज सकाळी काढा घेतात ना." तो थांबवल्यावर दीड-दोन महिन्यांत आकडे खाली आले. तेव्हापासून मी 'औषधं कोणती घेता?' एवढ्यावर थांबत नाही. 'काढा, पावडर, ज्यूस, शेजाऱ्यांनी दिलेलं काही?' असं वेगळं विचारतो, कारण त्याला कोणी औषध म्हणतच नाही.

अँटिऑक्सिडंटबद्दल आणखी एक, मग पुढे जातो. पेशीकडे स्वतःची बचाव यंत्रणा असते. थोडासा ऑक्सिडेटिव्ह ताण आला की एनआरएफ-2 नावाची कळ दाबली जाते आणि पेशी स्वतःची संरक्षक प्रथिनं बनवते. व्यायामाने येणारा ताण अशा कळा दाबणारा. 2009 साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला आणि त्यांतल्या निम्म्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांचं इन्सुलिन नीट काम करू लागलं. गोळ्यावाल्यांत तो फायदा दिसलाच नाही. सकाळी तळजाई चढून यायचं आणि घरी येऊन मूठभर गोळ्या गिळायच्या, यात कधी कधी डाव्या हाताने केलेलं उजव्या हाताने पुसलं जातं.

तर तुम्ही काय करायचं. मुख्य औषध वजन, आणि त्याची मात्रा ठरलेली आहे. 5 टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होते, 7 ते 10 टक्क्यांत सूज ओसरते, 10 च्या पुढे गेलं तर व्रणही मागे हटू शकतात. तुमच्या 70 किलोंवर 5 टक्के म्हणजे साडेतीन किलो, 10 टक्के म्हणजे 7. सहा-आठ महिने घ्या. आठवड्याला एका किलोपेक्षा वेगाने उतरवू नका; त्याने पित्ताशयात खडे होतात आणि पहिल्या दाराने एकदम इतकी चरबी सुटते की यकृत उलट बिथरतं. लग्न तोंडावर आलं म्हणून महिन्यात दहा किलो घटवणाऱ्यांना मी दरवर्षी बघतो.

ताटात सर्वांत आधी साखर. साखरेत अर्धं फ्रुक्टोज असतं, ते मुख्यतः यकृतातच जातं आणि दुसऱ्या दाराने त्याची चरबी बनते. गूळ हे तिचंच गावाकडचं भावंड, 'मी गुळाचा चहा घेतो' याला मी सूट देत नाही. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, झाली चाळीस ग्रॅम. रसवंतीतला मोठा पेला म्हणजे आणखी तीस-एक ग्रॅम. मस्तानीचा हिशोब मी मांडत नाही, वर्षातून दोनदा खा आणि आनंदाने खा. फळ अख्खं खा, पेरू, संत्रं. रस काढून पिऊ नका.

बाकी जेवण बदलायची फार गरज नाही, प्रमाण उलटं करायचंय. आपल्या ताटात पोळी-भात डोंगराएवढा आणि वरण पातळ. उसळ वाटीभर, पिठलं, ताक, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आधी. पोळ्या मग, दोन. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. तुमचं खरं संकट मला रात्रीचं वाटतं. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून घरी साडेनऊ, जेवण दहाला, अकराला झोप. कॅंटीनमध्ये सातला डबा खाता आला तर घरी ताक-कोशिंबिरीवर भागेल. शिफ्ट असेल, घरी लहान मूल असेल तर हे जमेलच असं नाही. मग रात्रीचा भात निम्मा करा, तेवढं तरी.

व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं, धाप लागेल पण बोलता येईल असा. त्यातले दोन दिवस वजनं किंवा बैठका-जोर. यावर मी हटून बसतो, कारण आपल्याकडे तूट स्नायूंची आहे, आणि जेवणातली साखर आधी रिचवायची जागा स्नायू आहेत. वजनाचा काटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी उतरते. रविवारी एकदा सिंहगड करून खाली कांदाभजी खाणं यात बसत नाही.

सहा महिन्यांनी एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड्स, एचबीएवनसी पुन्हा करा. सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी करत बसू नका, ती एवढ्या बारीक फरकाला उपयोगाची नाही. ट्रायग्लिसराइड्स आणि साखर वरच राहिली तर औषधं आहेत. सरोग्लिटाझार हे औषध आपल्याकडे या आजारासाठी 2020 पासून मंजूर आहे, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लागलं तर तेही यकृताला घाबरून टाळू नका. पण ती कोणाला, कधी, हे समोर बसून ठरतं. डोळे पिवळे दिसले, पाय सुजले, पोट पाण्याने फुगल्यासारखं वाटलं, उलटीत रक्त किंवा काळी शी झाली, तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

कॉफी बंद करू नका. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नेमकं का, यावर मतं आहेत. साखर न घालता प्या, दूध थोडं चालेल. ॲसिडिटी होत असेल किंवा रात्री झोप येत नसेल तर दुपारी चारनंतर नको. अमृततुल्यमधल्या चहाला हे लागू नाही, त्यात साखर न घालता देतो का ते एकदा विचारून बघा. मी विचारलं होतं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग पातेल्याकडे पाहिलं.